मिडी ते सीव्ही: मामांच्या गंधारासाठी एक डबा (प्रकल्प नोंदी)

२१ एप्रिल

काय करायचं ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढं फाटे फुटले तरी मूळ सापडेल. मिडी (वाद्यांनी एकमेकांशी आकड्यांत बोलायची पद्धत) कीबोर्डवरून येणारे स्वर घ्यायचे, त्यांचं व्होल्टेज करायचं (त्यालाच सीव्ही, म्हणजे कंट्रोल व्होल्टेज म्हणतात) आणि त्या व्होल्टेजवर ॲनालॉग ऑसिलेटर, म्हणजे सिंथेसायझरमधला आवाज काढणारा भाग, वाजवायचा. असले मिडी ते सीव्ही कन्व्हर्टर बाजारात तयार मिळतात. पण त्यातले बहुतेक पाश्चात्त्य पद्धतीचे बारा समान स्वर देऊन मोकळे होतात आणि मामांची अट वेगळी आहे. मामा भजनी मंडळात पेटी धरतात. त्यांचं म्हणणं, "वाजव की यंत्र, पण गंधार गळ्यातला पायजे."

माझं पोटापाण्याचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात, जुन्या सीएनसी (प्रोग्रामवर चालणाऱ्या) मशिनांचे पॅनेल दुरुस्त करायचं. त्यामुळं आकड्याचं व्होल्टेज करणं मला नवं नाही. प्रोग्राममध्ये एस १५०० लिहिलं की कंट्रोलर ड्राइव्हला ० ते १० व्होल्टमधलं ठरलेलं व्होल्टेज पाठवतो आणि स्पिंडल तेवढ्या वेगानं फिरतो. सिंथचा सीव्ही म्हणजे तेच. फरक अचूकतेचा. स्पिंडल १५०० च्या जागी १५१० फिरला तर गिऱ्हाईक विचारायलाही येत नाही. इथं एका सप्तकाला १ व्होल्ट, म्हणजे एका स्वराला ८३.३३ मिलिव्होल्ट, आणि स्वराचा शंभरावा भाग, ज्याला सेंट म्हणतात, तो जेमतेम ०.८३ मिलिव्होल्ट. चांगल्या कानाला पाच-सहा सेंटची चूक कळते. म्हणजे मला चार-पाच मिलिव्होल्टच्या आत राहायचंय, तेही चार सप्तकं सलग.

कॉम्प्युटरची बाजू सोपी आहे, सगळा घाम शेवटच्या मिलिव्होल्टला फुटणार असा माझा अंदाज.

२४ एप्रिल

पॉवर सप्लाय. ऑपॲम्प (व्होल्टेज वाढवणारी किंवा जसंच्या तसं पुढं देणारी चिप) आणि ऑसिलेटरला अधिक १२ आणि उणे १२, डिजिटल भागाला ५ व्होल्ट. घरात १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर पडून होता, तो मुद्दाम वापरला नाही. आमच्याकडं संध्याकाळी सगळी मशिनं चालू असली की लाइन १९५ व्होल्टपर्यंत उतरते. १२ चे मग १०.२ होतात, शिखर १४.४, त्यातून डायोडचे ०.७ वजा केले आणि वरून रिपल आला की ७८१२ रेग्युलेटरला जगायला लागणारे साडेचौदा उरतच नाहीत. मग स्वरात १०० हर्ट्झची घरघर. म्हणून १५-०-१५ घेतला, १ ॲम्पिअरचा. रेग्युलेटर थोडे गरम राहतील, राहू देत.

शिकाऊ पोरांसाठी इथं नोंद: ७८१२ आणि ७९१२ दिसायला जुळे, पण पाय वेगळे. ७८१२ चे पाय डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. शिवाय ७८१२ ची पाठ ग्राउंडला असते, ७९१२ ची पाठ इनपुटला, म्हणजे उणे वीसएक व्होल्टवर. दोघांना एकाच हीटसिंकवर अभ्रक न घालता आवळलं तर सप्लाय पहिल्याच क्षणी शॉर्ट. अभ्रकाचं वॉशर आणि प्लॅस्टिकची बुशी घातली, मीटरचा बझर लावून दोन्ही पाठी वेगळ्या आहेत ते बघितलं, मगच वीज दिली.

लोड लावून मोजलं: ११.९६ आणि उणे १२.०४. चालतंय.

२८ एप्रिल

मिडी इनपुट. मिडी १९८३ सालचा. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडून दाखवले होते. चाळीस वर्षांनंतरही तीच पाच पिनांची डिन, तोच वेग: सेकंदाला ३१,२५० बिट. हा विचित्र आकडा कुठून आला तर १ मेगाहर्ट्झला ३२ नं भागून. त्यामुळं १६ मेगाहर्ट्झच्या आर्डुइनो नॅनोवर (या डब्यातला छोटा कॉम्प्युटर बोर्ड) हा वेग बिनचूक बसतो, एक टक्काही इकडंतिकडं होत नाही.

मला यातली आवडलेली गोष्ट अशी की मिडीची तार व्होल्टेज वाहत नाही, करंट वाहते. साधारण ५ मिलिॲम्पिअर वाहिला की शून्य, थांबला की एक. आमच्या कारखान्यात प्रेशर नि टेंपरेचरचे सेन्सर ४ ते २० मिलिॲम्पिअरवर का बोलतात, याचं अर्धं कारण हेच: तारेत गोंगाट घुसला तरी करंट सहजी बिघडत नाही. मिडीत पलीकडं ऑप्टोकपलर असतो, तो संदेश उजेडातून पुढं देतो, म्हणजे दोन यंत्रांचं ग्राउंड एकमेकांना शिवतच नाही. आणि शील्डची पिन २ फक्त पाठवणाऱ्याच्या बाजूला ग्राउंड करायची, घेणाऱ्याच्या बाजूला मोकळी सोडायची. पॅनेलच्या कामात आम्ही पोरांना ओरडून सांगतो तो नियम, शील्ड एकाच टोकाला.

ऑप्टो ६एन१३८, समोर २२० ओहम, उलट्या करंटसाठी १एन४१४८ आडवा. डिन सॉकेट जुन्या टेपडेकचे म्हणून लक्ष्मीपुरीत मिळाले. ६एन१३८ पुण्याहून मागवला. स्कोपवर (ऑसिलोस्कोप) पहिल्यांदा बघितलं तर लाट वर चढताना पार गोल होत होती. एक बिट ३२ मायक्रोसेकंदांचा, त्यातला चांगला तुकडा चढण्यातच जायचा. आउटपुटचा पुलअप १० के होता तो ४७० ओहम केला आणि ७ नंबरच्या पिनेवरून ग्राउंडला १० के दिला, की आतला ट्रान्झिस्टर लवकर रिकामा होतो. आता कोपरे चौकोनी दिसतात. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी एच११एल१ घ्यावा, त्याच्या पोटात लाट चौकोनी करणारा श्मिट ट्रिगर असतो.

३ मे

कोड. फार लिहिण्यासारखं नाही, तीन गोष्टी सोडून.

काही कीबोर्ड 'नोट ऑफ' पाठवतच नाहीत, 'नोट ऑन' पाठवून जोर शून्य देतात. तो ऑफच समजायचा. दुसरं, सलग एकाच प्रकारचे संदेश असले की पहिला स्टेटस बाइट पुन्हा पाठवत नाहीत, थेट आकडे येतात. त्याला रनिंग स्टेटस म्हणतात. स्टेटस लक्षात ठेवला नाही तर पहिला स्वर वाजतो आणि पुढचे गायब होतात. तिसरं, क्लॉकचा बाइट कुठल्याही संदेशाच्या मध्येच घुसू शकतो, तो आला तरी चाललेली मोजणी मोडायची नाही.

एकाच वेळी दोन पट्ट्या दाबल्या तर कुठली वाजवायची? मिनीमूगमध्ये सगळ्यात खालची पट्टी जिंकते. पेटीवाल्याला ते सोसणार नाही. मामांची बोटं एकमेकांवर चढत जातात, आधीची पट्टी सुटायच्या आत पुढची दाबलेली असते. म्हणून शेवटची पट्टी जिंकणार, आणि ती सोडली की खाली अजून दाबून धरलेली परत वाजणार. यानं कणस्वर आपोआप येतो: षड्ज धरून ठेवायचा, ऋषभाला नुसतं शिवायचं. या सगळ्यात गेट (पट्टी दाबलेली आहे असं सांगणारं व्होल्टेज) खाली पडू द्यायचा नाही, नाहीतर एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार ठरवणारा भाग) दर वेळी नव्यानं ठोकतो आणि पेटीचा बाज जातो.

९ मे

आता खरा माल. डीएसी, म्हणजे आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप.

एमसीपी४७२५ सगळीकडं मिळतो, स्वस्तही आहे, पण तो आपल्या सप्लायलाच मोजपट्टी धरतो. ५ व्होल्टची लाइन एक टक्का हलली की दर सप्तकामागं बारा सेंट गेले. म्हणून एमसीपी४८२२ घेतला. बारा बिट, दोन चॅनेल, आणि २.०४८ व्होल्टचा संदर्भ त्याच्या पोटातच. दुप्पट गेनवर ठेवला की ४०९६ पायऱ्यांत ४.०९६ व्होल्ट, म्हणजे एका पायरीला बरोबर १ मिलिव्होल्ट. ४९ पट्ट्यांच्या कीबोर्डला पहिल्यापासून शेवटच्या पट्टीपर्यंत चार सप्तकं, म्हणजे ४ व्होल्ट लागतात. पुढं ऑपॲम्पनं वाढवायची गरजच नाही, आणि जिथं गेन नाही तिथं गेनची चूकही नाही. मामांची पेटी साडेतीन सप्तकांची, त्यामुळं मला एवढा पल्ला पुष्कळ.

पण कागदावरचा १ मिलिव्होल्ट आणि पिनेवरचा १ मिलिव्होल्ट एक नसतो. माझा साडेतीन अंकी मीटर २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलिव्होल्टची पायरी दाखवतो, म्हणजे बारा सेंट. त्यानं काही कळणार नाही. कारखान्यातून साडेचार अंकी मीटर दोन दिवसांसाठी मागून आणला. १०० नंबरच्या पायरीला ०.१०१ व्होल्ट, ४००० ला ४.०२३. भागाकार केला तर एका पायरीला १.००५६ मिलिव्होल्ट. अर्धा टक्का जास्त, जे त्या चिपच्या मर्यादेत बसतं. म्हणून कोडमध्ये एक सप्तक म्हणजे १००० पायऱ्या न धरता ९९४.४ धरल्या. प्रत्येक पट्टीसाठी अपूर्णांकात हिशेब करून शेवटी एकदाच जवळच्या पूर्णांकावर आणायचं. दर पट्टीला ८३ मिळवत गेलो असतो तर वरच्या टोकाला पोचेपर्यंत स्वर सात-आठ सेंट वर चढला असता. आता जास्तीत जास्त चूक अर्ध्या पायरीची, ०.६ सेंट.

आणखी एक. हा डीएसी अगदी शून्यावर नीट उतरत नाही, खालचे १० मिलिव्होल्ट त्याचे भरवशाचे नाहीत. म्हणून सगळ्यात खालची पट्टी ० व्होल्टवर न ठेवता ४० मिलिव्होल्टवर ठेवली. सगळे स्वर सारखेच वर सरकले, ऑसिलेटरचं ट्यूनिंगचं बटण थोडं फिरवलं की झालं. वरच्या टोकाला पिचबेंडसाठी (स्वर वर-खाली ओढणारं कीबोर्डवरचं चाक) पाऊण-एक स्वराचीच जागा उरते. मला चालतंय, शेवटच्या पट्टीवर मींड कोण घेतंय?

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: सगळ्या स्वरांना सारखीच लागू होणारी चूक ही चूक नव्हेच, ती ट्यूनिंग. टीएल०७२ चा तीन मिलिव्होल्टचा ऑफसेट त्यातलाच. त्यासाठी महागडा ऑपॲम्प आणायची गरज नाही. जीव घेते ती वर जाताना वाढत जाणारी चूक.

१५ मे

आणि ती वाढणारी चूक सापडली. मीटरवर सगळे आकडे बरोबर, ऑसिलेटर लावला की वरचे स्वर खाली बसतात, दर सप्तकाला साधारण बारा सेंट.

आउटपुटच्या जॅकवर ऑपॲम्प सांभाळायला म्हणून १ के घालायची पद्धत आहे. जॅक घुसवताना क्षणभर शॉर्ट होतो, त्या वेळी हा रेझिस्टर चिप वाचवतो. पण ऑसिलेटरची इनपुट १०० के आहे. १ के आणि १०० के मिळून भागाकार झाला, १०१ मधले १०० पोचले, एक टक्का वाटेत राहिला. एका सप्तकाला १० मिलिव्होल्ट, म्हणजेच बारा सेंट. एकाच जॅकवरून दोन ऑसिलेटर चालवले तर जवळजवळ दोन टक्के.

मीटरला हे दिसत नाही, कारण मीटर स्वतः १० मेगओहमचा आहे. ड्राइव्हच्या कामात हे कधी जाणवलं नव्हतं.

उपाय सोपा. १ के तिथंच ठेवायचा, पण ऑपॲम्पचा फीडबॅक १ के च्या अलीकडून न घेता पलीकडून, थेट जॅकच्या पिनेवरून घ्यायचा. मग ऑपॲम्प जॅकवरचं व्होल्टेज बघून स्वतःच तेवढं जास्त देतो. लांब केबल लावल्यावर तो थरथरू नये म्हणून आउटपुट पिनेपासून उलट इनपुटला १०० पिकोफॅरड आणि फीडबॅकच्या वाटेत १० के. आता एक ऑसिलेटर लावा की दोन, आकडा हलत नाही.

१८ मे

गेटचा एलईडी पेटला की स्वर एक-दीड सेंट हलतो. कानाला कळत नाही, मीटरला कळतं. एलईडीचे १० मिलिॲम्पिअर आणि डीएसीचं ग्राउंड एकाच बारीक वायरनं परत येत होतं. वायरला नि सोल्डरला मिळून ०.१ ओहम असला तरी तो १ मिलिव्होल्ट. डिजिटलची परतीची वायर वेगळी केली, ॲनालॉगची वेगळी, दोन्ही सप्लायच्या कपॅसिटरपाशीच भेटतात. एलईडीला २ मिलिॲम्पिअरच दिले, आजकालचे एलईडी तेवढ्यात डोळ्यात खुपतात.

गेट आता सीव्हीनंतर २ मिलिसेकंदांनी वर जातो. आधी गेला की स्वराच्या सुरुवातीला 'टिवक्' असा आवाज येतो, कारण एन्व्हलप उघडतो तेव्हा व्होल्टेज अजून वाटेत असतं.

२६ मे

पॅनेल. २ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, डिनसाठी मोठं भोक, चार जॅक, दोन बटणं. लेथवाल्या काकांनी चहा होईतोवर पाडून दिली आणि पैसे घेतले नाहीत. "काय बनवतोयस?" म्हणाले. सांगितलं. "मग ह्यात स्पिंडल कुठाय?" ज्या गावात बाबुराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा कारागिरांना हाताशी धरून घडवला, तिथं असल्या डब्याला कोण हसत नाही. पण काम कशासाठी ते विचारून घेतात.

२ जून

ऑसिलेटर एएस३३४० वर आहे, रीगातल्या अल्फाची चिप, जुन्या सीईएम३३४० ची वारस. ॲनालॉग ऑसिलेटरचं मुळातलं दुखणं उष्णता. व्होल्टेजचं सप्तकात रूपांतर करणारा भाग ट्रान्झिस्टरच्या गुणावर चालतो आणि तो गुण दर अंशाला ०.३३ टक्के बदलतो. नुसते ट्रान्झिस्टर जोडून केला तर खोली पाच अंशांनी तापल्यावर एका सप्तकात वीस सेंट फरक. या चिपमध्ये त्यावरचा उतारा आतच आहे. पण बाहेरचे रेझिस्टर साधे कार्बनचे लावले तर त्या उताऱ्याचा निम्मा गुण गेला, म्हणून सगळे एक टक्क्याचे मेटल फिल्म. टायमिंगचा १ नॅनोफॅरडही दुकानात हातात देतात तो तपकिरी सिरॅमिक नाही, पॉलिस्टायरीन.

वरची खोली पत्र्याची. दुपारी दोनला ३७ अंश, रात्री २६. दुपारी ट्यून केलं आणि रात्री पुन्हा बघितलं: सगळे स्वर मिळून सहा-सात सेंट सरकले, पण सप्तकाचं अंतर तसंच. म्हणजे वर सांगितलं तसं, बटण फिरवलं की संपलं. वीज दिल्यावर वीस मिनिटं थांबल्याशिवाय ट्यून करायला घ्यायचं नाही.

मामींचं मत याहून वेगळं: दुपारच्या झोपेच्या वेळी कुत्रं विव्हळल्यागत काय लावलंय.

१४ जून

पाऊस सुरू झाला, खोली गार, ऑसिलेटर शांत. मामा आले. त्यांचा मिरजेचा तंबोरा काळी एकला लावलेला. आधी साधे बारा समान स्वर ऐकवले. मामांनी डोळे मिटून भूप धरला, तीन-चार आवर्तनं झाली, थांबले. "षड्ज बरा हाय. पंचमबी चालंल. गंधार चढलाय रं."

चढलाच होता, आणि किती ते आकड्यात सांगता येतं. तंबोऱ्याच्या षड्जाच्या पाचव्या पटीत गंधार आपोआप वाजत असतो. काळी एक म्हणजे १३८.६ हर्ट्झ, त्याची पाचपट ६९३. सिंथचा समान अंतराचा गंधार १७४.६, त्याची चौपट ६९८.५. दोन्ही एका वेळी वाजले की सेकंदाला साडेपाच हेलकावे. स्कोप नको, पाच मिनिटं कान लावला तर मोजता येतात. खरा गंधार षड्जाच्या सव्वापट, ५/४. व्होल्टमध्ये तो षड्जापासून ३२१.९ मिलिव्होल्टवर पाहिजे, मी देत होतो ३३३.३. अकरा मिलिव्होल्टचा फरक, चौदा सेंट.

पंचमाचं मामांनी चालंल म्हटलं तेही बरोबरच: ३/२ चा पंचम ५८५.० वर, समान अंतराचा ५८३.३ वर. दोन सेंट. मध्यमाचंही तेच. ऋषभ ९/८ धरला तर १६९.९, म्हणजे चार सेंट वर. खरी बोंब गंधार, धैवत आणि निषादाची. निषाद १५/८ धरला तर ९०६.९, आपला ९१६.७.

इथं महिनाभराची मिलिव्होल्टची मरमर कामाला आली. कोडमध्ये बारा आकड्यांचं एक कोष्टक घातलं, प्रत्येक स्वराला षड्जापासून किती मिलिव्होल्ट. एक बटण दाबून धरून कुठलीही पट्टी दाबायची, तो षड्ज. कोष्टक तिथून लागू. एका पायरीला १.२ सेंट एवढं बारीक हाताशी असल्यामुळं गंधार ३२२ वर ठेवला म्हणजे ३२२ वरच बसतो.

मामांची पेटी गंधार ट्यूनिंगची आहे, पण ती काळी एकपुरतीच. गायक पांढरी चारला बसला की तीच पेटी बेसूर, कारण सूर घासून लावलेले असतात, ते जागचे हलत नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमेंट्स यांनी श्रुतींची हार्मोनियम करायचा खटाटोप केला, तेव्हा त्यांना जादा सूर आणि जादा पट्ट्यांचाच रस्ता होता. माझ्याकडं फक्त बेरीज बदलते.

कोष्टक घालून पुन्हा वाजवलं. मामांनी गंधार लांब धरला. हेलकावे मेले. "हां, हे असं," म्हणाले आणि पुढचा अर्धा तास मला कीबोर्डला हात लावू दिला नाही.

२७ जून

धैवतावरून वाद. मी ५/३ चा धैवत ठेवला होता, ७३७ मिलिव्होल्ट. मामांना भुपात तो पटला. देशकार घेतला तर म्हणाले, "हितं धैवत वर पायजे, बस्सतो कसा बघ की." सुरावट तीच पाच स्वरांची, पण देशकार धैवतावर उभा आणि तो त्यांना चढा हवा. २७/१६ चा धैवत ७५४.९ वर पडतो, म्हणजे १८ मिलिव्होल्ट वर. तो ठेवून दाखवला, मान हलली. पण पूर्ण समाधान नाही, "अजून जरा" म्हणत राहिले. दुसऱ्या बटणावर धैवताच्या दोन जागा दिल्यात आणि एक आडवा प्रीसेट (फिरवून बदलायचा छोटा रेझिस्टर) ठेवलाय, त्यानं उरलेलं हातानं ओढायचं. रागाचं कोष्टक करून ठेवता येईल असं मला आधी वाटत होतं. मामांशेजारी दोन तास बसल्यावर प्रीसेटच बरा वाटतो.

मींडेला पिचबेंड. त्याचे आकडे ० ते १६,३८३ येतात, मध्य ८१९२. तेवढी बारीक विभागणी माझ्या डीएसीला नाही, पण सावकाश मींडेत पायऱ्या ऐकू येऊ नयेत म्हणून दोन ऑपॲम्पच्या मध्ये १० के आणि ४७० नॅनोफॅरड घातलेत. पाचएक मिलिसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटनं व्होल्टेज गुळगुळीत होतं, नव्या स्वरावर नीट बसायला त्याच्या पाचएकपट वेळ लागतो, गेटचा उशीरही तेवढा वाढवला.

९ जुलै

मित्राकडं कॉर्गचा एमएस-२० मिनी आहे. त्याला हाच डबा लावून बघितला आणि स्वर भलतेच आले, अपेक्षेप्रमाणं. एमएस-२० सप्तकाला १ व्होल्ट मानत नाही. त्याचं गणित हर्ट्झ-प्रति-व्होल्ट, सप्तक वर गेलं की व्होल्टेज दुप्पट. ०.५, १, २, ४. म्हणजे थेट आमच्या स्पिंडल ड्राइव्हचं गणित, व्होल्टेज दुप्पट तर वेग दुप्पट. लेथवाल्या काकांना हा सिंथ लगेच समजला असता.

यात खालच्या बाजूला पंचाईत आहे. ४ व्होल्टला १ मिलिव्होल्ट म्हणजे ०.४३ सेंट, पण ०.५ व्होल्टला तोच १ मिलिव्होल्ट साडेतीन सेंट होतो. खालच्या सप्तकात मामांचा गंधार राखायचा तर बारा बिट पुरत नाहीत, सोळा बिटांचा डीएसी लागेल. तोवर वरची तीन सप्तकंच वापरायची. गेटही उलटा, ५ व्होल्ट देऊन चालत नाही, जॅक ग्राउंडला ओढावा लागतो. एक बीसी५४७, बेसला १० के, कलेक्टर जॅकला. दहा मिनिटांचं काम.

२१ जुलै

पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं चाललीय, सगळे फोनवर राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघतायत. कारखान्याला सुट्टी, म्हणून दुसरा चॅनेल हातात घेतला.

मामांना भाता हवाय. कीबोर्डवर पट्टी कितीही जोरात मारली तरी स्वर एकदा लागला की लागला. पेटीत तसं नसतं, डावा हात सतत बोलत असतो. म्हणून जुन्या पेटीच्या भात्याला १० के चा पोटेन्शिओमीटर बसवायचा, तो थेट नॅनोच्या ॲनालॉग पिनेला, आणि डीएसीच्या दुसऱ्या चॅनेलवरून फिल्टर नि व्हीसीएला (आवाज लहान-मोठा करणारा भाग). मिडीचा एक्स्प्रेशन म्हणजे ११ नंबरचा कंट्रोल वापरला असता तर फक्त १२८ पायऱ्या, ४ व्होल्टमध्ये एकेक ३२ मिलिव्होल्टची. फिल्टरवर त्या जिन्यासारख्या खडखड ऐकू येतात, करून बघितलं. नॅनोची पिन १०२४ पायऱ्या देते, त्यावर थोडं सरासरीचं पाणी मारलं की पुरे.

पोटेन्शिओमीटर २७० अंश फिरतो, भाता जेमतेम तीस अंश उघडतो. मध्ये एकास आठ-नऊ पटीचा दाता लागणार. नायलॉनचे गिअर जुन्या प्रिंटरमधून काढलेत, बुशी काकांकडून वळवून घ्यायची. मामांनी भात्याचं कातडं आधी बदलून घ्यायला सांगितलंय, गळक्या भात्यावर ते हात ठेवणार नाहीत, आत हवा लागत नसली तरी.